गुरांना लस आहे, मग पोरांना का नाही?

१. गोठ्यातला आजार आणि बालवाडीतला आजार

पावसाळ्यात बालवाडीतून आलेलं मूल अंगात कणकण घेऊन झोपतं, दुसऱ्या दिवशी मऊ वरणभातसुद्धा तोंडात घेत नाही, आणि मग लक्षात येतं की जिभेवर आणि गालांच्या आत फोड आहेत, तळहातांवर, तळपायांवर, कुल्ल्यांवर लालसर पुरळ आहे. डॉक्टर एका नजरेत ‘हँड-फूट-माउथ’ म्हणतात, तापाचं औषध देतात, पाणी पाजत राहा असं सांगतात आणि आठवडाभर शाळेत पाठवू नका म्हणून बजावतात. बदलापुरात आईबाप दोघंही सकाळच्या लोकलने मुंबईला जाणारे असतील, तर तो आठवडा घरी कोणी राहायचं हाच मोठा पेच होतो. साहजिकच विचारलं जातं, इतक्या लसी टोचून घेतो, याची लस नाही का? बदलापूर गावातून बारवी धरणाकडे जाताना लागणाऱ्या वस्त्यांत ज्यांच्या गोठ्यात अजून म्हैस आहे, त्यांचा प्रश्न जास्त नेमका असतो. लाळ्या-खुरकूतची लस टोचायला सरकारी माणूस गोठ्यापर्यंत येतो. पोरांच्याही तोंडाला आणि हातापायांनाच होतं. मग पोरांना का नाही?

दोन्ही आजारांत फोड येण्याच्या जागा सारख्या असल्या तरी आजार वेगळे आहेत, हे आधी सांगायला हवं. लाळ्या-खुरकूत गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर अशा दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांना होतो. मुलांच्या आजारामागे एन्टेरोव्हायरस नावाच्या, आतड्यात वाढणाऱ्या विषाणूंचा गट आहे. त्यातले कॉक्सॅकी ए-१६, कॉक्सॅकी ए-६ आणि एन्टेरोव्हायरस ए-७१ हे मुख्य. पोलिओचा विषाणूही याच गटातला. मुलाचा आजार म्हशीला लागत नाही, म्हशीचा मुलाला लागत नाही, आणि गुरांची लस पोराच्या काडीच्याही कामाची नाही. दोन्हीकडचे विषाणू एका मोठ्या कुळातले आहेत, एवढंच नातं. तरीही गोठ्यातून आलेला तो प्रश्न सोडून देण्यासारखा नाही, कारण एकीकडे लस वर्षानुवर्षं आहे आणि दुसरीकडे ती इतकी उशिरा का आली, याचं बरंचसं उत्तर लस तपासायची कुणावर, या एका मुद्द्यात आहे.

२. लस चालते हे कसं ठरवतात?

गुरांच्या लसीचं काम सरळ आहे. जनावराला लस द्यायची, तीन-चार आठवडे थांबायचं आणि मग मुद्दाम त्याच्या जिभेत जिवंत विषाणू टोचायचा. पुढचे आठ दिवस पाय पाहायचे. जीभ फोडाळली तर चालतं, कारण विषाणू तिथेच सोडलेला असतो. खुरांच्या बेचक्यांत फोड उठले, तर विषाणू अंगभर पसरला आणि लस हरली. सोबत लस न दिलेली एक-दोन जनावरंही ठेवतात, आणि त्यांच्या किमान तीन पायांना फोड आले तरच ती तपासणी धरतात, नाहीतर टोचलेला विषाणूच लेचापेचा होता अशी शंका उरते. किती जनावरं वाचली यावरून लसीची ताकद ठरते. इथे रोगी आणि परीक्षार्थी एकाच जातीचे असल्यामुळे उत्तरात अंदाजाला जागा राहत नाही. भारतात सप्टेंबर २०१९मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात गुरांना दर सहा महिन्यांनी जी लस फुकट टोचली जाते, तिच्यामागे अशा थेट तपासणीची परंपरा आहे.

मुलांच्या बाबतीत हे करता येत नाही, आणि करता येऊ नये. दोन वर्षांच्या पोराला लस देऊन नंतर मुद्दाम एन्टेरोव्हायरस ए-७१ पाजण्याची परवानगी कोणी देणार नाही, कारण हा विषाणू क्वचित का होईना, मेंदूपर्यंत पोहोचतो. तेव्हा एकच वाट उरते. हजारो मुलांना लस द्यायची, हजारोंना खोटी लस द्यायची आणि साथ आपसूक येईल तेव्हा कोण आजारी पडतं ते मोजायचं. पण या वाटेला लागण्याआधी कोणीतरी ठामपणे सांगायला हवं की ही लस निदान अपाय करणार नाही आणि तिच्यात काही दम आहे. तो भार प्राण्यांवर पडतो. प्राण्यांवरची चाचणी लस चांगली असल्याचा दाखला देते, असा सर्वसाधारण समज आहे. माझ्या मते तो चुकीचा आहे. ती वाईट लस अडवू शकते, चांगल्या लसीवर शिक्का मारू शकत नाही. प्रत्येक प्राणी एखाद्याच प्रश्नाचं उत्तर देतो, आणि तो प्रश्न कोणता हे आधी ठरवलेलं नसेल तर त्या प्राण्याचा जीव फुकट जातो. हँड-फूट-माउथच्या लसीची हकीकत पाहिली की हे उघड दिसतं.

३. आजारी पडणाऱ्याला लस देता येत नाही

या विषाणूंची ओळखच उंदरांच्या पिल्लांनी करून दिली. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठी कॉक्सॅकी नावाचं गाव आहे. तिथल्या पोलिओसारख्या लुळेपणाने आजारी मुलांच्या शौचाचे नमुने गिल्बर्ट डॉलडॉर्फ आणि ग्रेस सिकल्स यांनी उंदरांच्या नवजात पिल्लांना टोचले. पिल्लं लुळी पडली. मोठ्या उंदरांना काही झालं नाही. १९४८मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि विषाणूला गावाचं नाव मिळालं. पुढे पिल्लाचे पाय ढिले पडतात की ताठरतात, यावरून कॉक्सॅकी विषाणूंचे ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन गट पाडले गेले. डॉक्टरांच्या तोंडी येणाऱ्या ‘ए-१६’मधला ‘ए’ मूळचा उंदराच्या पिल्लाच्या ढिल्या पायावरून आलेला आहे. एन्टेरोव्हायरस ए-७१ कॅलिफोर्नियात १९६९मध्ये सापडला, आणि त्याचीही गत तीच, पिल्लं बळी पडतात, मोठे उंदीर दाद देत नाहीत.

प्रयोगशाळेत हे प्रत्यक्षात कसं दिसतं? उंदराचं नवजात पिल्लू एक-दीड ग्रॅमचं असतं, केस नाहीत, डोळे मिटलेले, कातडी इतकी पातळ की पोटातलं दूध बाहेरून पांढरं दिसतं. त्याच्या पोटात किंवा डोक्यात विषाणू टोचतात आणि रोज त्याला गुण देतात. शून्य म्हणजे ठणठणीत. एक म्हणजे मलूल. दोन म्हणजे अंग झडू लागलं. तीन म्हणजे पायांत कंप आणि अशक्तपणा. चार म्हणजे मागचे पाय गेले. पाच म्हणजे मेलं किंवा मरणाच्या दारात. वजनाची रोज नोंद होते. पिल्लं किती वाचली, याइतकंच कोण किती दिवस कोणत्या गुणावर राहिलं यालाही महत्त्व असतं.

आता अडचण पाहा. पिल्लू साधारण एक-दोन आठवड्यांचं होईपर्यंतच या विषाणूला बळी पडतं. मारलेल्या विषाणूची लस मात्र दोन डोसांत द्यावी लागते आणि तिचा पुरता परिणाम दिसायला काही आठवडे जातात. लसीचा असर होईपर्यंत उंदीर मोठा होतो आणि मग लस नसली तरी आजारी पडत नाही. बदलापूरची लोकल सुटून गेल्यावर खिडकीवरून तिकीट हातात पडावं, तसली ही गत. गोठ्यात जी म्हैस लस घेऊ शकत होती तीच आजारीही पडू शकत होती, इथे तो मेळच बसत नव्हता.

यावर संशोधकांनी शोधलेली तोड मला या सगळ्या हकीकतीतली सर्वांत हुशार गोष्ट वाटते. त्यांनी लस पिल्लाला न देता आईला दिली. मादीला दोन डोस द्यायचे, मग तिला गाभण होऊ द्यायचं. तिच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला चिकटून त्याला निकामी करणारी प्रथिनं, गर्भातून आणि दुधातून पिल्लांना मिळतात. पिल्लं जन्मली की एक-दोन दिवसांत त्यांना विषाणू टोचायचा. लस घेतलेल्या मादीची पिल्लं तरली आणि न घेतलेल्या मादीच्या पिल्लांची गुणपत्रिका चार-पाचवर गेली, तर लसीने तयार केलेली प्रतिपिंडं विषाणूला रोखतात हे सिद्ध झालं. सिद्ध झालं ते मात्र तेवढंच. मुलाचं स्वतःचं शरीर अशी प्रतिपिंडं बनवेल का, किती काळ टिकवेल, मुलाच्या घशातून विषाणू पसरणं थांबेल का, यातलं पिल्लू काही सांगत नाही. पिल्लाने त्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. पुढचे प्रश्न त्याच्या गळ्यात बांधणं ही आपली चूक.

४. मोठा उंदीर, माकड आणि काचेची ताटली

मोठा उंदीर आजारी का पडत नाही, याचा एक धागा २००९मध्ये जपानी संशोधकांना सापडला. माणसाच्या पेशींवर स्कार्ब-२ नावाचं एक प्रथिन असतं, त्याला धरून ए-७१ विषाणू आत शिरतो. उंदराचं हे प्रथिन थोडं वेगळं असल्याने विषाणूला नीट पकड मिळत नाही. मग माणसाचं स्कार्ब-२ अंगी असलेले उंदीर मुद्दाम तयार करण्यात आले. दुसरीकडे चीनमध्ये कुनमिंगच्या वैद्यकीय जीवशास्त्र संस्थेने ऱ्हीसस माकडांच्या नवजात पिल्लांवर काम केलं. माकड माणसाच्या जवळचं, त्याची मज्जासंस्था आपल्यासारखी. पण माकडं महाग, सांभाळायला अवघड, आणि त्यांच्यावर प्रयोग करणं मनाला जास्त बोचणारं. म्हणून लस दिल्यावर जिवंत विषाणू आला तर मेंदूत, मज्जारज्जूत काय होतं, अशा मोजक्या प्रश्नांपुरतंच त्यांना हात लावणं शहाणपणाचं.

काचेच्या ताटलीतली चाचणी यापेक्षा साधी आहे आणि पुढे तीच सगळ्यात उपयोगी ठरली. लस घेतलेल्याच्या रक्तातला पिवळसर द्रव घ्यायचा आणि तो पातळ करत जायचं, आठपट, सोळापट, बत्तीसपट, चौसष्टपट. प्रत्येक पातळीत ठरावीक विषाणू मिसळायचा आणि ते मिश्रण जिवंत पेशींवर ओतायचं. विषाणू शाबूत असेल तर काही दिवसांत पेशी गोल होऊन सुटतात, मरतात. प्रतिपिंडांनी त्याला जखडलं असेल तर पेशींचा थर जसाच्या तसा राहतो. समजा बत्तीसपट पातळ केल्यावरही पेशी वाचल्या आणि चौसष्टपटीला मेल्या, तर त्या रक्ताची पातळी १:३२. सिनोव्हॅक कंपनीच्या लसीच्या मुलांवरील चाचणीत १:१६ या पातळीचा आजारापासून संरक्षणाशी संबंध दिसून आला. असा आकडा एकदा हाती आला की पुढच्या कित्येक तपासण्यांतून उंदीर वगळता येतो. प्राण्यांचे प्रयोग कमी व्हावेत असं ज्यांना वाटतं, त्यांनी घोषणांपेक्षा अशा आकड्यांचा पाठपुरावा करावा.

५. माकडांनी सांगितलं होतं

‘माणूस आणि उंदीर वेगळे, मग उंदराच्या साक्षीला किंमत काय?’ हा सर्वांत जुना आक्षेप, आणि त्यात तथ्य आहे. पण साक्ष न ऐकल्याने काय होतं, याचं उदाहरण ए-७१च्याच भावकीतलं आहे. १२ एप्रिल १९५५ रोजी अमेरिकेत जोनास साल्क यांच्या पोलिओ लसीला मान्यता मिळाली. ही लस म्हणजे फॉर्मालिनने मारलेला विषाणू. कॅलिफोर्नियातल्या कटर प्रयोगशाळेच्या काही बॅचमध्ये तो पुरता मेलेला नव्हता. सुमारे २०० जणांना कमीअधिक लुळेपणा आला आणि १० जण दगावले. त्याच्या आदल्याच वर्षी सरकारी प्रयोगशाळेत बर्निस एडी यांनी कटरच्या लसीचे नमुने माकडांना टोचले होते आणि माकडं लुळी पडलेली पाहिली होती. त्यांनी वरिष्ठांना कळवलं. इशारा बाजूला पडला. माकडांनी अचूक सांगितलेलं माणसांनी कानाआड केलं.

ए-७१ची लसही अशीच मारलेल्या विषाणूची आहे. विषाणू मेला की नाही हे पाहणं, हा तिच्या सुरक्षेतला पहिला आणि सर्वांत मोठा प्रश्न. आज तो बराचसा पेशींवरच सोडवता येतो. संशयास्पद नमुना पेशींवर पुन्हा पुन्हा वाढवून पाहायचा, एकही विषाणू जिवंत असला तर तो कधी ना कधी पेशी मारून स्वतःला उघडा पाडतो.

याच नाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर युक्तिवाद एकांगी होईल. १९६६-६७च्या सुमारास अमेरिकेत बाळांच्या श्वसनमार्गाच्या आरएसव्ही या विषाणूवर फॉर्मालिनने मारलेली लस दिली गेली. पुढच्या साथीत लस घेतलेली बाळं कमी आजारी पडण्याऐवजी जास्त आजारी पडली. एका गटातल्या लागण झालेल्या बाळांपैकी सुमारे ८० टक्क्यांना इस्पितळात न्यावं लागलं आणि दोन बाळं दगावली. तोवरच्या तपासण्यांतून हा धोका समोर आला नव्हता. पुढे १९८०च्या दशकात कापूस-उंदरांना आधी ती लस आणि मग विषाणू, असा क्रम लावून पाहिला तेव्हा त्यांच्या फुप्फुसांतही तसाच दाह दिसला. म्हणजे प्राणी सांगू शकत होता, प्रश्न वेळेवर विचारला गेला नाही. यामुळेच आज मुलांच्या नव्या लसीबाबत ‘लस घेतल्यावर आजार बळावत तर नाही ना?’ हे विचारावंच लागतं, आणि त्याला काचेच्या ताटलीत उत्तर नाही. त्याला फुप्फुस, रक्त आणि ताप असलेलं शरीर लागतं.

६. चीनमधली मुलं, आणि एक छोटं गणित

या लसीची गरज चीनला सगळ्यात जास्त भासली. २००८ ते २०१२ या पाच वर्षांत तिथे सुमारे ७२ लाख रुग्ण आणि २,४५७ मृत्यू नोंदले गेले. प्रयोगशाळेत तपासलेल्या मृत्यूंपैकी ९० टक्क्यांहून अधिक एकट्या ए-७१मुळे झाले होते. म्हणून चीनने सगळ्या विषाणूंच्या मागे न लागता मारणाऱ्या एकालाच गाठलं. १०-१२ हजार मुलांवरच्या मोठ्या चाचण्या झाल्या. डिसेंबर २०१५मध्ये कुनमिंगच्या संस्थेची लस मान्य झाली, जानेवारी २०१६मध्ये सिनोव्हॅकची, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस वुहानच्या संस्थेची. ए-७१मुळे होणाऱ्या आजाराविरुद्ध परिणामकारकता कुनमिंगच्या लसीची ९७.४ टक्के, सिनोव्हॅकच्या लसीची ९४.८ टक्के.

ही टक्केवारी काढतात कशी? समजा ५,००० मुलांना लस दिली आणि ५,००० मुलांना खोटी लस. वर्षभरात खोट्या लसीच्या गटात ए-७१ने ४० मुलं आजारी पडली आणि खऱ्या लसीच्या गटात २. म्हणजे ४०पैकी ३८ आजार टळले, परिणामकारकता ९५ टक्के. आता हाच हिशेब पालकाच्या बाजूने मांडू. त्याला विषाणूच्या नावाशी देणंघेणं नाही, त्याच्या दृष्टीने फोड ते फोड. समजा एखाद्या शहरात या आजाराच्या १०० मुलांपैकी ४० ए-७१ची आहेत. लसीने त्यातली ३८ वाचतील आणि ६२ मुलांना फोड येतच राहतील, कारण ही लस ए-१६ आणि ए-६ यांना अडवत नाही. जिथे १००पैकी ५च मुलं ए-७१ची, तिथे ९५ मुलांना आजार होणारच. लस तीच, परिणामकारकता तीच, पण दुसऱ्या शहरातला बाप म्हणेल की लस कुचकामी आहे. त्याचं म्हणणं त्याच्या घरापुरतं बरोबर असेल. मारक विषाणू कमी झाल्याचं मात्र त्याला दिसणार नाही, कारण न झालेला मेंदूज्वर कोणाच्या डोळ्यांना दिसतो?

७. तरीही हे आक्षेप

पहिला आक्षेप असा की एवढ्या साध्या आजारासाठी उंदीर-माकडं का मारायची? आठ-दहा दिवसांत मूल आपोआप बरं होतं. ए-१६च्या बाबतीत मला हा आक्षेप जवळजवळ मान्य आहे. फक्त शाळेचा आणि नोकरीचा आठवडा बुडतो म्हणून शेकडो पिल्लांना लुळं करणं समर्थनीय आहे, असं मी म्हणणार नाही. पण ए-७१ला हा आक्षेप लागू पडत नाही. १९७५ साली बल्गेरियातल्या साथीत ४४ मृत्यू झाले, १९९८ साली तैवानमध्ये ७८. मूल तापाने फणफणतं, झोपेत दचकतं, पाय लटपटतात आणि एखाद-दोन दिवसांत फुप्फुसात पाणी भरतं. तिथे तराजूचं पारडं मुलाकडे झुकतं. म्हणजे परवानगी ‘हँड-फूट-माउथ’ या आजाराच्या नावाने सरसकट देऊ नये, विषाणूगणिक द्यावी.

दुसरा आक्षेप नव्या पद्धतींचा. पेशी, चिपवरचे कृत्रिम अवयव, संगणकीय प्रतिकृती असताना प्राणी कशाला? भारताच्या औषध आणि वैद्यकीय चाचण्यांच्या नियमांत २०२३मध्ये दुरुस्ती होऊन अशा बिगर-प्राणी पद्धतींना जागा मिळाली, अमेरिकेने त्याआधी डिसेंबर २०२२मध्ये तसा कायदा केला. हे स्वागतार्हच आहे, आणि काही जुन्या चाचण्या तर केवळ सवयीने चालू होत्या. तयार लसीचा नमुना पाच उंदरांना आणि दोन गिनीपिगांना टोचून सात दिवस ते मरतात का पाहायचं, अशी एक चाचणी दशकानुदशकं प्रत्येक बॅचला लावली जात होती. तिच्यातून हाती फारसं काही लागत नाही म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने २०१८मध्ये ती बंद करण्याची शिफारस केली. अशा चाचण्या जितक्या लवकर जातील तितकं बरं. काही ठिकाणी मात्र अजून सुटका नाही. अंबरनाथच्या एमआयडीसीत भारत सीरम्सच्या कारखान्यात सर्पदंशावरचं जे औषध बनतं, ते घोड्याच्या रक्तद्रवापासूनच. अशा औषधाची ताकद आजही मुख्यतः उंदरांवर मोजतात, कारण विषाचा घाव एका पेशीवर नसून सगळ्या शरीरावर पडतो. लसीने आजार बळावतो का, हा प्रश्नही त्याच जातीचा.

तिसरा आक्षेप महाराष्ट्रात घडलेल्या घटनेवरून घेतला जातो. २०२०मध्ये कोव्हॅक्सिनसाठी ऱ्हीसस माकडं हवी होती. टाळेबंदीत माणसांनी टाकलेलं खाणं बंद झाल्याने माकडं दाट रानात गेली होती. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या पथकाने वनखात्याच्या मदतीने राज्यभर शोध घेतला, तेव्हा ती नागपूरजवळ सापडली. २० माकडांचे पाच-पाचचे चार गट केले. तीन गटांना लसीचे वेगवेगळे प्रकार, चौथ्याला खोटी लस, चौदा दिवसांच्या अंतराने दोन डोस, आणि दुसऱ्या डोसानंतर चौदा दिवसांनी जिवंत विषाणू. लस मिळालेल्यांची फुप्फुसं बचावली. आक्षेप घेणारे विचारतात, माणसांवरची पहिली चाचणी जुलैतच सुरू झाली आणि माकडांचे निकाल सप्टेंबरात आले, मग माकडांची गरज काय उरली? तारखा खऱ्या आहेत, निष्कर्ष घाईचा आहे. विषबाधेच्या तपासण्या लहान प्राण्यांवर आधी झाल्या होत्या, त्यावर थोड्या स्वयंसेवकांना लस देता आली. माकडांना वेगळा प्रश्न विचारला होता, आरएसव्हीच्या वेळी राहून गेलेला. त्याचं उत्तर हवं होतं ते नोव्हेंबरात हजारो लोकांवर सुरू झालेल्या तिसऱ्या टप्प्याआधी, आणि ते तोवर आलेलं होतं.

कायद्याचं थोडक्यात. १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा प्रयोगांवर बंदी घालत नाही, ते एका केंद्रीय समितीच्या देखरेखीखाली आणतो. १९९८च्या नियमांनुसार संस्थेला नोंदणी आणि स्वतःची नीतिसमिती लागते. कागदोपत्री चौकट बरी आहे. माझी तक्रार एवढीच की कोणत्या प्रयोगाने कोणत्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, हे सामान्य माणसाला वाचायला मिळत नाही, आणि त्यामुळे एकीकडे आंधळा विरोध आणि दुसरीकडे आंधळा विश्वास पोसला जातो.

८. इथे का नाही?

भारतात ए-७१ची लस मिळत नाही, आणि त्याचं कारण उंदीर-माकडांचा तुटवडा हे नाही. आपल्याकडे या आजाराची पहिली मोठी नोंद २००३मध्ये केरळातल्या कालिकतची, तिथे ए-७१ सापडला होता. नागपुरातल्या रुग्णांवरचा लेख २००८मध्ये त्वचारोगाच्या भारतीय नियतकालिकात आला. पुढच्या वर्षांत देशात ठिकठिकाणी ए-१६ आणि ए-६ यांचाच जोर दिसत आला. २०२२मध्ये केरळात ‘टोमॅटो फ्लू’ म्हणून ज्याचा गाजावाजा झाला, तोही तपासात ए-१६शी जोडला गेला. वरचं गणित लावलं तर चिनी लस आणून टोचण्यात आपल्या पोरांचा फारसा लाभ नाही. आपल्याला लागेल ती तीन-चार विषाणूंची एकत्रित लस, आणि तिच्यासाठी प्रत्येक विषाणूगणिक माद्या, पिल्लं आणि गुणपत्रिका पुन्हा लागतील. ते करायचं की नाही, हे ठरवायला आपल्याकडे कोणता विषाणू किती मुलांना आणि किती गंभीर आजार देतो हे कळायला हवं. आज निदान नजरेने होतं, नमुना घेतला जात नाही, आणि ताप उतरला की कागदही संपतो.

नमुना घेणं फार अवघड नाही. घशातला स्वॅब, फोडातलं पाणी किंवा शौचाचा लहानसा नमुना थंड डब्यात प्रयोगशाळेपर्यंत पोहोचवायचा असतो. पोलिओसाठी हेच काम देशाने वर्षानुवर्षं केलं. अचानक लुळ्या पडलेल्या प्रत्येक मुलाच्या शौचाचे दोन नमुने किमान २४ तासांच्या अंतराने, लुळेपणा आल्यापासून १४ दिवसांच्या आत घ्यायचे, हा शिरस्ता खेड्यापाड्यांत पाळला गेला. भारतातला शेवटचा नैसर्गिक पोलिओ रुग्ण जानेवारी २०११मध्ये हावड्यात सापडला, आणि त्यानंतर तो नाही हे खात्रीने सांगता आलं ते या नमुन्यांमुळेच. त्यातले पुष्कळ नमुने तपासणारी प्रयोगशाळा मुंबईत परळला हाफकिन संस्थेच्या आवारात आहे. एन्टेरोव्हायरस संशोधन केंद्र हे तिचं जुनं नाव, आता ती पुण्याच्या विषाणू संस्थेची मुंबई शाखा आहे. बदलापूरहून परळ त्याच मध्य रेल्वेवर आहे, आणि बदलापूर-अंबरनाथच्या चार-पाच बालरोगतज्ज्ञांनी दर पावसाळ्यात काही मुलांचे नमुने पालकांच्या संमतीने तिथे पाठवायचे ठरवले, तर इथल्या फोडांत ए-७१ आहे की ए-६, हे सांगायला एकाही उंदराची गरज पडणार नाही.